आपल्या शाळेने कोणाबरोबर खेळावे?

(संस्थेच्या वार्षिक क्रीडा पारितोषिक वितरण समारंभात, जठारपेठ, अकोला येथे केलेले भाषण)





बक्षीस समारंभाला आलेल्या पाहुण्याने विजेत्यांचे अभिनंदन करावे, हरलेल्यांना धीर द्यावा, खेळाने शरीर सुदृढ होते असे सांगावे आणि वेळेवर खाली बसावे, अशी आपल्याकडे रीत आहे. त्यातले पहिले काम मी मनापासून करतो. आज ज्यांच्या हाती ढाल आणि प्रशस्तिपत्रे आली त्या सर्वांचे अभिनंदन. परंतु नुसते तेवढे बोलून खाली बसण्यासाठी मला बोलावलेले नाही. संस्थेच्या चिटणीस साहेबांनी निमंत्रण देतानाच सांगितले होते की, कार्यकारी मंडळापुढे एक प्रश्न आहे, त्यावर पालकांसमोर उघडपणे बोला. म्हणून आज त्या प्रश्नावरच बोलणार आहे.

प्रश्न असा. गेल्या हंगामात एका सामन्यात पंचांच्या निर्णयामुळे आपल्या मुलांवर अन्याय झाला, अशी अनेकांची भावना आहे. मुले रडत परत आली, पालक चिडले. त्यानंतर असा प्रस्ताव पुढे आला की, आपल्या शाळेने शालेय स्पर्धांतून नाव काढून घ्यावे आणि आपल्यासारख्याच दहा-बारा संस्थांनी मिळून आपल्यापुरती एक स्पर्धा सुरू करावी. तिथे पंच आपले, वेळापत्रक आपले, शुक्रवारच्या नमाजाची अडचण नाही आणि मुलींच्या पोशाखावरून कोणी बोट दाखवणार नाही. प्रस्ताव मांडणारे मुलांचे हितचिंतकच आहेत. त्यांचा हेतू शुद्ध आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण हेतू शुद्ध असूनही निर्णय चुकू शकतो, म्हणून थोडे थांबून विचार करू या.

एखादी शाळा कोणत्या स्पर्धेची सभासद आहे, ही बाब कागदावर फार लहान दिसते. एक अर्ज, थोडी प्रवेश फी, खेळाडूंच्या जन्मतारखांची यादी आणि मुख्याध्यापकांची सही, एवढेच काम. मात्र त्या सहीने आपले मूल कोणाबरोबर खेळणार, कोणाच्या नजरेस पडणार आणि पुढे कुठवर जाणार, हे ठरते. आपल्या राज्यात शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा गटांत होतात. तालुका किंवा महानगर, त्यावर जिल्हा, त्यावर विभाग, त्यावर राज्य आणि शेवटी राष्ट्रीय पातळी, अशी ती शिडी आहे. दहावी-बारावीला खेळाडूंना मिळणारी गुणांची सवलत आणि शासकीय नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंसाठी असलेले ५ टक्के आरक्षण, हे दोन्ही मान्यताप्राप्त स्पर्धांच्या प्रमाणपत्रावर अवलंबून आहे. आपण घरच्या स्पर्धेत कितीही मोठी ढाल दिली, तरी ती ढाल घेऊन मुलगा नोकरीच्या अर्जाला जोडू शकत नाही. सर्वात खालच्या पायरीवर जो उभाच राहिला नाही, त्याला वरची पायरी कुणी देत नाही.

आता कुणी म्हणेल, आपल्या समाजाचा वेगळा संघ, वेगळी स्पर्धा यात नवीन काय आहे? नवीन काहीच नाही. हा प्रयोग आपल्याच राज्यात फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे, आणि त्याचा इतिहास आपल्या मुलांनी माहीत करून घेतला पाहिजे.

मुंबईत १८७७ साली पारशी खेळाडू गोऱ्यांच्या बॉम्बे जिमखान्याविरुद्ध क्रिकेट खेळले. १८९२ पासून हे सामने दरवर्षी होऊ लागले. १९०७ साली हिंदूंचा संघ आला आणि तिरंगी स्पर्धा झाली. १९१२ साली मुसलमानांचा संघ आला आणि ती चौरंगी झाली. १९३७ साली ‘इतर’ या नावाचा पाचवा संघ आला आणि पंचरंगी झाली. मरीन लाइन्सच्या समुद्रकिनाऱ्यावर पारशी, हिंदू आणि इस्लाम जिमखान्यांच्या इमारती आजही एकीपुढे एक उभ्या आहेत. त्या काळात या स्पर्धेला जेवढी गर्दी होई, तेवढी दुसऱ्या कोणत्याच सामन्याला होत नसे.

या स्पर्धेने आपल्या समाजाचे भले केले की नाही? केले. हे आधी मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. १९१२ च्या आधी मुसलमान खेळाडूंना त्या मैदानावर संघ म्हणून जागाच नव्हती. जागा मिळाली आणि वझीर अली, मुश्ताक अली यांच्यासारख्यांना हजारो लोकांनी पाहिले. १९४४-४५ च्या हंगामातील अंतिम सामन्यात मुस्लिम संघाने हिंदू संघावर केवळ एक गडी राखून विजय मिळवला. त्या दिवशी के. सी. इब्राहिम सलामीला येऊन शेवटपर्यंत नाबाद राहिले होते. तो सामना पाहिलेले म्हातारे आमच्या लहानपणी त्याची हकिगत सांगताना अजूनही श्वास रोखत.

पण त्या स्पर्धेची दुसरीही बाजू आहे. जिथे माणसाचा संघ त्याच्या जन्माने ठरतो, तिथे प्रत्येक संघाच्या पोटात आणखी भिंती निघतात. पळवणकर बाळू हे त्या काळचे फार मोठे डावखुरे गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. हिंदू संघ त्यांच्या गोलंदाजीवर जिंकत राहिला, पण ते चांभार समाजाचे म्हणून त्यांना कर्णधारपद कधीच मिळाले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना ते मिळायला १९२३ साल उजाडले. दुसरे उदाहरण विजय हजारे यांचे. सांगलीचे मराठी ख्रिस्ती गृहस्थ. ते हिंदू नव्हेत, मुसलमान नव्हेत, पारशी नव्हेत, युरोपियनही नव्हेत, म्हणून ते ‘इतर’ संघात. १९४३ च्या अंतिम सामन्यात ‘इतर’ संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ धावा एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. एवढे करूनही त्यांचा संघ डावाने हरला. ज्याला कोणत्याच खान्यात बसवता आले नाही, त्याच्या वाट्याला साथीदार कुठून येणार?

आणखी एक गोष्ट आपल्या आजच्या प्रश्नाच्या अगदी जवळची आहे. १९३७ साली नवे ब्रेबोर्न स्टेडियम झाले. तिथल्या आसनांच्या वाटपावरून वाद पेटला आणि हिंदू जिमखान्याने त्या वर्षी स्पर्धेवर बहिष्कार घातला. वाद प्रेक्षकांच्या खुर्च्यांचा, आणि घरी बसले खेळाडू! पुढच्या वर्षी तो संघ परत आला. त्या वर्षी ज्यांचे वय आणि हात जोरात होते, त्यांचा तो हंगाम मात्र परत आला नाही.

डिसेंबर १९४० मध्ये गांधीजींनी धर्मवार सामन्यांना विरोध दर्शवला. वाद वाढत गेला आणि १९४६ साली ही स्पर्धा कायमची बंद झाली. मग आपल्या खेळाडूंचे काय झाले? ते संपले का? तेच इब्राहिम रणजी स्पर्धेत मुंबईच्या संघातून सर्वांबरोबर खेळत होते. ते १९४८-४९ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध भारताकडून कसोटी सामने खेळले. खाना मोडला आणि मैदान मोठे झाले. माझ्या मते या सगळ्या इतिहासाचा अर्थ एवढाच आहे की, मैदानात शिरण्यासाठी आपला संघ उभारणे योग्य होते, परंतु फक्त आपल्यातच खेळत राहण्याला भविष्य नव्हते.

आता थोडे दूरचे उदाहरण देतो, कारण ते एका अल्पसंख्य समाजाच्या शिक्षणसंस्थेचे आहे. अमेरिकेत नोटर डेम नावाचे कॅथलिक विद्यापीठ आहे. त्याची स्थापना १८४२ ची. अमेरिकेत बहुसंख्य प्रॉटेस्टंट, आणि त्या काळी कॅथलिकांकडे संशयाने पाहण्याची वृत्ती होती. तिकडे महाविद्यालये आपापसांत साखळी करून खेळतात. या साखळीला ते कॉन्फरन्स म्हणतात. १८९६ साली सात विद्यापीठांनी मिळून अशी एक साखळी केली, ती पुढे ‘बिग टेन’ या नावाने प्रसिद्ध झाली. नोटर डेमने तिच्यात शिरण्याचा प्रयत्न केला, पण त्याला दार उघडले नाही. त्यामागे धार्मिक पूर्वग्रह हेही एक कारण होते, असे पुष्कळ इतिहासकार मानतात.

मग त्या लोकांनी काय केले? रागावून फक्त कॅथलिक महाविद्यालयांची वेगळी चूल मांडली का? नाही. ते म्हणाले, जवळचे खेळत नसतील तर आम्ही दूर जाऊ. रेल्वेने देशभर फिरून त्यांनी सामने खेळले. १९१३ साली लष्कराच्या महाविद्यालयाशी, १९२६ पासून पार पश्चिम किनाऱ्यावरच्या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाशी. नूट रॉकनी यांच्यासारखा प्रशिक्षक त्यांना लाभला आणि त्यांचा फुटबॉल संघ साऱ्या देशाच्या तोंडी झाला. काळ असा उलटला की, १९९९ साली त्याच बिग टेनने त्यांना सन्मानाने बोलावले, आणि त्यांच्या विश्वस्तांनी ‘नको’ म्हणून कळवले! पण म्हणून ते एकटेही राहिले नाहीत. २०१३ साली त्यांनी अटलांटिक किनाऱ्यावरच्या एका साखळीत बहुतेक खेळांसाठी प्रवेश घेतला. फुटबॉल तेवढा स्वतंत्र ठेवला, आणि त्यातही दरवर्षी सरासरी पाच सामने त्या साखळीतील संघांशी खेळण्याचे कबूल केले. आपली ओळख ठेवली आणि चारचौघांत बसणेही ठेवले. प्रत्येक खेळासाठी वेगळा विचार केला. यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

त्याच देशात उलटाही प्रकार घडला. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या बारा विद्यापीठांची एक जुनी साखळी होती. दूरदर्शनच्या पैशाच्या ओढीने तिच्यातली दहा विद्यापीठे २०२४ मध्ये बाहेर पडून इतर साखळ्यांत गेली. त्यांपैकी दोन तर थेट अटलांटिक किनाऱ्यावरच्या साखळीत गेली, म्हणजे आपल्याकडे एखाद्या शाळेने दरवर्षीचे सामने खेळायला आसामात जावे, त्यातला प्रकार. फुटबॉलला पैसा मिळाला. पण पोहणाऱ्या, धावणाऱ्या, व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलामुलींना वर्ग बुडवून सारा देश ओलांडावा लागतो. म्हणून सभासदत्वाचा निर्णय घेताना मोठ्या नावाला भुलू नये, आणि रागालाही बळी पडू नये.

चला, आता दूरदेशाहून आपल्या वऱ्हाडात परत येऊ. असा एक फेरबदल मी स्वतः अनुभवला आहे. १९८३ साली मी इथल्याच एका महाविद्यालयात शिकत होतो आणि व्हॉलीबॉल खेळत होतो. तोपर्यंत आमची महाविद्यालये नागपूर विद्यापीठाची. ते १९२३ चे विद्यापीठ, नाव मोठे, मैदाने मोठी. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ निघाले आणि अकोला, अमरावती, बुलढाणा, यवतमाळ हे जिल्हे त्यात आले. आम्ही खेळाडू मंडळी नाराज झालो. नागपूरच्या तगड्या संघांशी आता गाठ पडणार नाही, आपण लहान डबक्यातले बेडूक होणार, असे आम्ही चहाच्या टपरीवर बसून एकमेकांना सांगत असू.

पण झाले काय? अडीचशे किलोमीटरवरच्या नागपूरऐवजी निवड चाचणी शंभर किलोमीटरवरच्या अमरावतीत आली. सकाळची गाडी धरून बडनेऱ्याला उतरावे, चाचणी द्यावी आणि रात्री घरी जेवायला यावे. ज्या मुलाचा बाप दोन दिवसांचा खर्च करू शकत नव्हता, तो मुलगाही चाचणीला येऊ लागला. आणि मुख्य म्हणजे आंतरविद्यापीठ स्पर्धेला पूर्वी जिथे एक संघ जाई, तिथे आता दोन संघ जाऊ लागले. म्हणजे वऱ्हाडच्या मुलांसाठी जागा वाढल्या. अमरावतीत तर १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ होते. त्याच्या मंडळींनी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी परदेशात कबड्डीची प्रात्यक्षिके दाखवली होती. एवढी विद्या शेजारी असताना आम्ही नागपूरच्या नावासाठी हळहळत होतो! तेव्हापासून मी एक धडा घेतला. खेळाचा गट बदलला की, नाव मोठे झाले की लहान झाले हे पाहू नये. गरिबातल्या गरीब मुलाला मैदान जवळ आले की दूर गेले, हे आधी पाहावे.

दुसरे उदाहरण सर्वांना ठाऊक असलेल्या विदर्भाच्या क्रिकेट संघाचे. पूर्वी मध्य प्रांत आणि वऱ्हाड असा एकच संघ रणजी स्पर्धेत खेळत असे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आपण मध्य प्रदेशातून निघालो, आणि १९५७-५८ पासून विदर्भाचा स्वतंत्र संघ रणजीत उतरला. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले तरी तो संघ वेगळाच राहिला. आणि मग काय? हार, हार आणि हार. साठ वर्षे! किती वेळा कुणाच्या मनात आले असेल की, हे काही आपले काम नाही, नाव काढून घ्यावे. पण त्यांनी टेबलावरची आपली खुर्ची सोडली नाही. २०१७-१८ च्या हंगामात विदर्भ प्रथमच रणजी विजेता झाला. अंतिम सामना दिल्लीविरुद्ध, तोही इंदूरला, म्हणजे ज्या राज्यातून आपण वेगळे झालो त्याच मध्य प्रदेशात. त्या संघाचे कर्णधार होते नागपूरचे फैज फजल. आणि आपल्या अकोल्याच्या आदित्य ठाकरे या तरुण गोलंदाजाने आपला पहिलाच प्रथम श्रेणीचा सामना खेळला तो हाच अंतिम सामना. फैज आणि आदित्य एका ड्रेसिंग रूममध्ये बसले ते कोणाच्या उपकाराने नव्हे. दोघेही एकाच शिडीने चढून आले होते. पुढच्या वर्षी विदर्भाने पुन्हा ही स्पर्धा जिंकली, आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा.

आता एक घरातली गोष्ट सांगतो. ती सांगावी की नाही याचा मी रस्ताभर विचार करत होतो.

मी दहावीत होतो त्या वर्षीची ही हकिगत. शाळेचे नाव सांगत नाही, त्याची गरज नाही. माझ्या वर्गात एक मुलगा कबड्डीत चढाई करायचा. पाच फुटांचा किडकिडीत पोरगा, पण रेषा ओलांडली की समोरचे सात जण मागे सरत. आदल्या वर्षी एका सामन्यात पंचांशी वाद झाला होता. वाद आम्हा मुलांचा नव्हता, बाहेर उभ्या असलेल्या मोठ्या माणसांचा होता. त्यांनी रागाच्या भरात ठरवले की, पुढच्या वर्षी आपली शाळा उतरणार नाही. पत्र गेले. स्वाभिमान राखला म्हणून सभेत टाळ्याही पडल्या. त्या वर्षी जिल्ह्याच्या संघाची निवड झाली तेव्हा तो मुलगा भाड्याची सायकल घेऊन मैदानावर गेला होता. मीही बरोबर होतो. दोरीच्या बाहेर आम्ही दिवसभर उभे राहिलो. ज्या मुलांना त्याने आदल्या वर्षी चार-चार वेळा बाद केले होते, त्यांची नावे पुकारली गेली. तो काही बोलला नाही. परत येताना मोर्णेच्या पुलावर सायकल थांबवून पाण्याकडे पाहत राहिला, मग म्हणाला, चल, भाड्याचा तास संपतो.

तो आज याच शहरात आहे. ट्रकची दुरुस्ती करतो, मुलेबाळे आहेत, अल्लाहच्या कृपेने सुखी आहे. राज्याचा खेळाडू झाला असता असे मी म्हणत नाही. कदाचित दुसऱ्याच फेरीत बाद झाला असता. पण ते त्याला कधी कळलेच नाही. या भाषणाची तयारी करताना मी त्याला भेटलो आणि विचारले, तुला त्या गोष्टीचे आता काय वाटते? हातावरचे ग्रीस पुसत तो एवढेच म्हणाला, “भाई, गुस्सा बडे लोगों ने किया और साल मेरा गया.”

बंधू-भगिनींनो, कार्यकारी मंडळात प्रस्तावावर मतदान होईल तेव्हा हे वाक्य डोळ्यांपुढे ठेवा, एवढीच माझी विनंती आहे.

तरीही प्रस्ताव मांडणाऱ्यांच्या तक्रारी खोट्या नाहीत, आणि त्यांना उत्तर दिल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

पहिली तक्रार पंचांची. यावर उपाय म्हणजे आपल्यातून पंच तयार करणे. आपल्या किती क्रीडाशिक्षकांनी आणि माजी खेळाडूंनी पंच परीक्षा दिल्या आहेत? राग आला की आपण पत्र लिहितो, पण परीक्षेचा अर्ज भरत नाही. पंचांच्या यादीत आपलीही माणसे असली, तर निर्णय आपल्या बाजूने लागेल असे नाही, लागूही नये. पण निर्णय का लागला हे आपल्या मुलांना समजावून सांगणारा माणूस तरी मैदानावर असेल. आणि तक्रार करायची तर नियमात सांगितलेल्या वेळेत, लेखी आणि फीसह करावी. दुसऱ्या दिवशी चौकात केलेल्या तक्रारीची नोंद कुठेही होत नाही.

दुसरी अडचण नमाजाची आणि रमजानची. शुक्रवारी दुपारचा सामना एक तास पुढे-मागे करावा, हे वेळापत्रक ठरण्यापूर्वी सांगितले तर ऐकले जाण्यासारखे आहे. सामन्याच्या सकाळी सांगितले तर कोणीही ऐकणार नाही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो. २०२५ मध्ये तो मार्चच्या आरंभी सुरू झाला. २०३० च्या अखेरीस तो डिसेंबरात येईल आणि पुढे हळूहळू स्पर्धांच्या हंगामात शिरेल. तेव्हा आपल्याला सवलत मागावी लागणार आहे. ती मागण्याचा अधिकार सभासदाला असतो. जो बाहेर गेला, त्याचे ऐकायला कोणी बांधलेले नाही.

तिसरी अडचण मुलींची, आणि ती सर्वात महत्त्वाची. पुष्कळ माता मला सांगतात, मुलगी खेळते चांगली, पण पोशाखामुळे आम्ही पाठवत नाही. त्यांना मी सांगेन की, जगाचे नियमही बदलले आहेत, आणि ते आतून मागणी केल्यामुळे बदलले. फुटबॉलच्या जागतिक नियमांत २०१४ साली डोके झाकून खेळण्यास परवानगी मिळाली, बास्केटबॉलमध्ये २०१७ साली. या परवानग्या घरी बसून मिळाल्या नाहीत. त्या त्या देशांच्या मुली आणि त्यांच्या संघटना वर्षानुवर्षे मागत राहिल्या. आपल्या शेजारच्या तेलंगणातील निजामाबादची निखत झरीन २०२२ आणि २०२३ अशी दोन वर्षे मुष्टियुद्धात जगज्जेती झाली. आपल्या मुलींनी तसेच व्हावे असे नाही, पण त्यांच्या हाती चेंडू तरी पडावा. माझी सूचना आहे की, मुलींचा संघ बाहेरगावी जाईल तेव्हा एक शिक्षिका आणि दोन माता यांचा प्रवासखर्च संस्थेने द्यावा. एवढ्याने अर्धी अडचण मिटेल असा माझा अनुभव आहे.

मग आपल्या दहा-बारा संस्थांची स्पर्धा होऊच नये काय? जरूर व्हावी! तिला माझा विरोध मुळीच नाही. आपली मुले एकमेकांना भेटावीत, लहान वर्गातल्या मुलांना पहिला सामना घरच्या माणसांसमोर खेळायला मिळावा, नवशिक्या पंचांना हात साफ करता यावा, यासाठी अशी स्पर्धा फार उपयोगी पडेल. मात्र ती शालेय स्पर्धांच्या आधी घ्यावी, म्हणजे तिचा सराव म्हणून उपयोग होईल. आणि तिच्यात दोन-चार शेजारच्या शाळांनाही बोलवावे. आज आपण हा समारंभ आपल्या मोहल्ल्यात न घेता इथे जठारपेठेत घेतला, कितीतरी कुटुंबे जुन्या शहरातून मोर्णा ओलांडून इथे आली. कोणाचे काही बिघडले नाही. उलट शेजारची मंडळी दारात उभी राहून आपल्या मुलांच्या कवायतीला टाळ्या देत होती. तसेच मैदानावर व्हावे.

म्हणून कार्यकारी मंडळाने पत्रावर सही करण्यापूर्वी स्वतःला चार प्रश्न विचारावेत, असे मला वाटते. या निर्णयाने आपल्या मुलाला पुढची पायरी मिळते की बंद होते? सर्वात गरीब घरच्या मुलाला मैदान जवळ येते की दूर जाते? नियम ठरवणाऱ्यांत आपले तोंड राहते की नाही? आणि हा निर्णय आपण शांत डोक्याने घेत आहोत की हरल्याच्या संध्याकाळी? चारही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक आली तर खुशाल बाहेर पडा. एकाचेही उत्तर अडले, तर सभासदत्व ठेवा आणि आत राहून भांडा.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी शेवटचे दोन शब्द. गेल्या हंगामात तुम्ही हरलात, कदाचित अन्यायानेही हरलात. हरलेल्या मुलाला रडू येते, यात लाज नाही. पण येत्या हंगामाच्या अर्जावर जन्मतारखा वेळेत लिहून द्या, पहाटे मैदानावर या, आणि आम्ही मोठी माणसे भांडू लागलो तर आमच्याकडे येऊन धीटपणे सांगा की, खेळणार आम्ही आहोत. ते ऐकण्याइतके शहाणपण अल्लाह आम्हाला देवो.

 

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.